"भाऊ, गाडी पाणी खातेय": ट्रकच्या कूलंटची गळती शोधायची कशी आणि शोधायचे पैसे घ्यायचे कसे



ट्रकच्या गॅरेजात दिवसातून एकदा तरी कानावर पडणारं वाक्य म्हणजे "भाऊ, गाडी पाणी खातेय." ड्रायव्हर याच्यापुढे फारसं काही सांगत नाही, कारण त्याला तेवढंच दिसलेलं असतं. सकाळी टाकी बघितली, पाणी खाली गेलेलं. भरलं. दुसऱ्या दिवशी परत खाली. आता या वाक्यामागचं काम शंभर रुपयांच्या क्लिपचं निघू शकतं, नाहीतर इंजिन खोलायचंही निघू शकतं. गिऱ्हाइकाला त्यातला फरक कळत नाही, तो तुमच्या तोंडाकडे बघत उभा असतो.

या आठवड्याच्या व्हिडिओत प्रेशर टेस्टर कसा लावायचा ते दाखवलंय. व्हिडिओत हात दिसतात, पण त्या वेळी डोक्यात काय चाललेलं असतं ते दिसत नाही. ते इथे सविस्तर लिहितो. ज्यांना ट्रक-पिकअपचं गॅरेज टाकायचंय त्यांच्यासाठी तर आहेच, पण ज्यांनी कर्ज काढून पहिली गाडी घेतलीय आणि मेस्त्री जे म्हणेल ते मान्य करावं लागतंय, त्यांनीही वाचा. माझं म्हणणं एवढंच आहे की गळती शोधणं हे एक स्वतंत्र काम आहे. त्याला पद्धत आहे, वेळ लागतो, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले पाहिजेत.

आधी झाकण बघा

कूलिंग सिस्टिम प्रेशरवर चालते, हे नवीन मुलांच्या पटकन लक्षात येत नाही. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० डिग्रीला उकळतं. झाकण १५ पीएसआयचं असेल तर तेच पाणी जवळपास १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण असेल तर ही मर्यादा १२५ च्याही पुढे जाते. म्हणजे घाटात लोड घेऊन चढताना इंजिनाला जी जास्तीची सवलत मिळते, ती त्या एवढ्याशा झाकणामुळे.

झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं. गाडी थांबवून खाली वाकून बघितलं तर थेंब नाही, सगळे होज पाईप कोरडे. मग शंका थेट हेड गॅसकेटवर जाते. म्हणून आमच्याकडे पहिली तपासणी झाकणाची. टेस्टरच्या किटमध्ये त्यासाठी वेगळा जोड येतो. झाकणावर छापलेल्या आकड्याच्या आसपास ते प्रेशर धरतंय की आधीच सोडतंय, हे दोन मिनिटांत कळतं. आणि झाकण बदलताना त्याच आकड्याचं घ्या. "जास्त प्रेशरचं लावलं की जास्त चांगलं" असं समजणारे लोक आहेत, त्यांच्या गाड्यांच्या रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या फुटून आमच्याकडे येतात.

गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे लिहायची खरं तर गरज नसावी. तरी लिहितो, कारण गॅरेजात शिकायला आलेली पोरं सतरा-अठरा वर्षांची असतात आणि घाईत असतात.

पाना उचलायच्या आधीचे प्रश्न

किती पाणी टाकावं लागतं, किती किलोमीटरला? पाणी कधी कमी होतं, चढावर, उतारावर, की रात्रभर उभी राहून? सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो का? शेवटचं काम कुठलं झालं होतं? हे मी जॉब कार्डवर लिहून घेतो. ड्रायव्हरला विचारतो, मालकाला नाही. मालकाला गाडीचा हप्ता माहीत असतो, गाडीचा स्वभाव ड्रायव्हरला माहीत असतो.

एक प्रश्न मात्र हळूच विचारावा लागतो: "हळद टाकलीय का?" हसू नका. रेडिएटर बारीक गळायला लागला की त्यात हळद टाकायचा जुगाड आपल्याकडच्या हायवेवर जुना आहे. बारीक भोक तात्पुरतं बुजतंही, ढाब्यापासून गावापर्यंत गाडी येते. पण तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते, आणि पुढे गळती नसताना गाडी गरम व्हायला लागते. बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या पुड्यांचंही तसंच. आधी टाकलंय हे कळलं तर तपासणीचा अर्थ बदलतो, कारण जी गळती दिसायला हवी ती अर्धी बुजलेली असते.

साधं पाणी की कूलंट, हेही विचारा. बोअरचं जड पाणी भरलं की आत क्षार धरतात, ते एक झालं. दुसरं जास्त महागाचं आहे. मोठ्या डिझेल इंजिनांत बऱ्याचदा वेट लायनर असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. इंजिन चालताना लायनर थरथरतो, त्याला लागून पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात, आणि लोखंडाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. कूलंटमधली रसायनं लायनरवर थर धरून हे रोखतात. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या गाडीचा लायनर एक दिवस आरपार होतो आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. कूलंटचे वाचवलेले पैसे तिथे व्याजासकट जातात. आणि हो, रंगावरून कूलंट ओळखू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. डब्यावरचं वाचा.

थंड गाडी, मग गरम गाडी

गाडी थंड असताना केबिन टिल्ट करा (चाकांना ओट लावून, केबिनमधलं सुटं सामान काढून) आणि बॅटरी घेऊन नुसतं बघा. वाळलेलं कूलंट डाग सोडतं, पांढरट किंवा हिरवट खरवड धरतं. होजच्या तोंडाशी, रेडिएटरच्या टाकीच्या जोडावर, थर्मोस्टॅटच्या खाली. वॉटर पंपाला, म्हणजे आपल्या भाषेत वॉटर बॉडीला, खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं, बेअरिंगमध्ये न जाता. त्या भोकाखाली डागाची रेघ दिसली की पंपाचे दिवस भरले. ते भोक एम-सीलनं बुजवून आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. बुजवणाऱ्याला सलाम, पण त्यानंतर बेअरिंग जातं आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसू शकतो.

डागाचा उगम नेहमी सगळ्यात वर शोधा. पाणी चेसिसवरून वाहत जातं, पंख्याच्या वाऱ्यानं मागे उडतं, आणि टपकतं भलतीकडेच. जिथे टपकतंय तिथला पार्ट बदलणं ही सगळ्यात सामान्य फसगत आहे. आता एक नवीन गोंधळ वाढणार आहे. नवीन बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. एसीचं पाणी केबिनखाली टपकतंच. ते बोटाला साध्या पाण्यासारखं लागतं, कूलंट बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. वास घ्या, चाखू नका. ते विषारी असतं. जमिनीवर सांडलेलं लगेच धुवून टाका, गोड असल्यानं कुत्री चाटतात.

नुसतं बघून सापडलं नाही तर टेस्टर. झाकणाच्या जागी तो बसवायचा, हातपंपानं झाकणाच्या आकड्याइतकं प्रेशर भरायचं, त्याच्यावर अजिबात नाही, आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघायचं. काटा पडला आणि बाहेर थेंब दिसला तर काम सोपं. काटा पडला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर पाणी आत जातंय. काटा हललाच नाही, तर गाडी गरम करून पुन्हा बघायचं. काही गळती थंड असतानाच दिसते, कारण क्लिपखालचं रबर आकसलेलं असतं आणि गरम झालं की फुगून बसतं. काही उलट, फक्त गरम झाल्यावर. "पहाटे खाली थारोळं असतं, दिवसभर काही नाही" असं ड्रायव्हर म्हणाला तर आधी सगळ्या क्लिपा बघा.

हा टेस्टर चार-पाच हजारांपासून मिळतो. ट्रकच्या टाक्यांना बसणारे जोड त्यात आहेत ना, एवढं बघून घ्या. स्वस्त किट बऱ्याचदा नुसत्या कारच्या जोडांचं असतं.

पाणी आत जातंय, पण कुठे?

खरी परीक्षा इथे असते, आणि गिऱ्हाइकाचे पैसेही इथेच जातात किंवा वाचतात.

पाणी ऑइलमध्ये जात असेल तर डिपस्टिकवर आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा रंग दिसतो. कमी प्रमाणात असेल तर दिसत नाही. मग गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी सुरू न करता ऑइल चेंबरचा ड्रेन नट जरासा ढिला करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, त्यामुळे पहिले थेंब पाण्याचे येतात. उलट, टाकीत ऑइलचा तवंग असेल तर ऑइल कूलरचा संशय आधी घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून ऑइल पाण्यात जातं. बंद केल्यावर ऑइलचं प्रेशर लगेच शून्य होतं, पाण्याचं राहतं, म्हणून थोडं पाणी ऑइलमध्येही जातं. दोन्हीकडे खुणा दिसल्या की लोक घाबरून हेड उतरवतात.

अलीकडच्या गाड्यांत, बीएस-६ तर सगळ्यांना माहीत आहे, पण त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ईजीआर कूलर असतो. धुराड्याचा गरम गॅस इंजिनाच्या पाण्यानं थंड करून परत आत सोडायचा. तो कूलर आतून तडकला की पाणी थेट धुरातून जातं. बाहेर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, आणि तरी टाकी रिकामी. धुराला गोडसर वास आणि पांढरा रंग. ईजीआरचा पाईप काढून आतली काजळी ओली आहे का ते बघा.

आणि मग टाकीत येणारे बुडबुडे. इंजिन चालू, झाकण (थंड असताना) उघडलेलं, आणि टाकीत बुडबुडे उठतायत. बहुतेक जण इथे एकच निकाल देतात: हेड गॅसकेट. या निकालाबद्दल एक उदाहरण सांगतो.

आमचं गॅरेज पुणे-नाशिक हायवेला, आळेफाट्याच्या अलीकडे. आमच्याकडे बऱ्याच गाड्या नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरून माळशेज उतरून कल्याणकडे जाणाऱ्या असतात. अशीच एक गाडी आली. मालक पंचावन्नच्या पुढचे, एकच ट्रक, मुलगा चालवतो. दुसऱ्या एका ठिकाणी टाकीतले बुडबुडे बघून हेड गेल्याचं सांगितलं होतं. अंदाज पस्तीस हजार, आणि सात-आठ दिवस गाडी उभी.

काका थेट म्हणाले, "भाऊ, हेडचं काम आहे. तुम्ही किती घ्याल तेवढं बोला."

"काका, आधी मला बघू तर द्या."

"बघायचं काय त्यात? बुडबुडे येतायत, मी स्वतः बघितलेत."

मुलाला बाजूला घेतलं. पाणी कधी कमी होतं? तो म्हणाला, जाताना. घाट उतरून टोकावड्याला थांबलो की भरावं लागतं. येताना लोड घेऊन घाट चढतो तेव्हा एवढं नाही.

मला हे उत्तर महत्त्वाचं वाटलं. हेड गॅसकेट गेलं असेल तर चढावर, इंजिनावर जोर असताना त्रास वाढायला पाहिजे. उतारावर इंजिन जवळजवळ मोकळं असतं. मग उतारावर जास्त काम कोण करतं? ब्रेक. आणि ब्रेकला हवा कोण देतं? कॉम्प्रेसर.

एअर ब्रेकच्या बऱ्याच ट्रकमध्ये कॉम्प्रेसरचं हेड इंजिनाच्याच पाण्यावर थंड होतं. त्याचं छोटं गॅसकेट गेलं तर कॉम्प्रेसरची हवा कूलंटमध्ये घुसते. टाकीत बुडबुडे येतात, प्रेशर वाढतं, झाकण उघडतं, पाणी बाहेर फेकलं जातं. लक्षणं अगदी हेड गॅसकेटसारखी.

टेस्टर लावला. पंधरा मिनिटांत काटा थोडा खाली आला, बाहेर थेंब नाही. म्हणजे आत कुठेतरी. ऑइल स्वच्छ. मग निळ्या पाण्याची टेस्ट केली. हे एक रसायन असतं, टाकीतली हवा त्यातून ओढायची. जळालेला गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो, डिझेलमध्ये कधी नुसता हिरवट होतो. ओढताना टाकीतलं पाणी थोडं कमी करून घ्यावं लागतं, नाहीतर कूलंटच वर येतं आणि टेस्ट वाया जाते. रंग निळाच राहिला. आता जी टेस्ट केली तिला एक रुपया लागत नाही. इंजिन चालू ठेवलं, टाकीत बुडबुडे येत होते. हवेच्या टाक्या भरत आल्या, एअर ड्रायरनं फुस्स केलं, म्हणजे कॉम्प्रेसरचा लोड सुटला. आणि बुडबुडे थांबले. मुलाला सांगितलं, ब्रेक दाब, सात-आठ वेळा दाब. हवेचा काटा खाली आला, कॉम्प्रेसरनं परत लोड घेतला, बुडबुडे परत सुरू. काकांना तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच म्हणाले, "आता थांबणार बघ." खात्रीसाठी हवेच्या पहिल्या टाकीचा ड्रेन ओढला, तर त्यातूनही हिरवट चिकट पाणी आलं.

कॉम्प्रेसरचं हेड उतरवलं, पातळी बघितली, गॅसकेट-व्हॉल्व्हची किट बसवली, नवीन कूलंट भरलं. सगळं धरून बिल साडेसहा हजार, आणि गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्केटला लागली. टोमॅटोच्या सीझनमध्ये आठ दिवस गाडी उभी राहणं म्हणजे काय, ते एक गाडी असलेल्या माणसालाच विचारा. हप्ता तर थांबत नाहीच, पण भाडं देणारा व्यापारी दुसरी गाडी धरतो आणि मग ती सोडत नाही.

शोधायचे पैसे

आता धंद्याचं. बऱ्याच नवीन गॅरेजवाल्यांना तपासणीचे पैसे मागायला लाज वाटते. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे गिऱ्हाईक म्हणणार, म्हणून ते फुकट बघतात आणि पार्ट बसवण्यात भरून काढतात. यातून काय होतं बघा. तुमची कमाई पार्ट बदलण्यावर अवलंबून राहिली की तुमचा हात आपोआप मोठ्या कामाकडे जातो. माणूस वाईट असतो असं नाही, हिशेबच तसा मांडलेला असतो. बीबीएला कॉस्टिंग शिकताना हे पुस्तकात वाचलं होतं, कळलं गॅरेजात. वरच्या गाडीत फुकट बघून माझं पोट भरणार असतं, तर पस्तीस हजारांचं काम सोडून साडेसहाचं मी कशाला शोधलं असतं?

मी पिकअपला ४०० आणि मोठ्या ट्रकला ८०० रुपये तपासणी फी घेतो. तासाभरात दोन माणसं गुंततात, टेस्टर, रसायन, जागा. काम आमच्याकडे केलं तरी ही फी वजा करत नाही. यावर माझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांशी माझे वाद होतात, ते म्हणतात वजा केली की गिऱ्हाईक इथेच काम टाकतं. मला ते पटत नाही. वजा केली की गिऱ्हाइकाच्या मनात तपासणी फुकटच राहते.

पैसे घ्यायचे तर हातात काहीतरी द्यावं लागतं. आम्ही एक कागद देतो: झाकणानं किती प्रेशर धरलं, सिस्टिमचं सुरुवातीचं प्रेशर आणि पंधरा मिनिटांनंतरचं, ऑइलची स्थिती, निळ्या टेस्टचा रंग, आणि आमचा निष्कर्ष. तो कागद घेऊन त्यानं दुसरीकडे काम केलं तरी चालेल, असं तोंडानं सांगतो. काही जण जातातही. पण जे राहतात ते भाव करत बसत नाहीत, कारण काम कशाचं आहे ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

टेस्टर, निळ्या टेस्टचं किट, चांगली बॅटरी, क्लिपा आणि दोन-चार आकड्यांची झाकणं, एवढ्यावर हे काम सुरू होतं. मुद्राच्या शिशु गटाची मर्यादा ५० हजार आहे, त्यात हे सगळं बसून पैसे उरतात. जागा नसेल तर मार्केट यार्डाबाहेर किंवा ट्रक टर्मिनलला गाडीपाशी जाऊनही ही तपासणी करता येते. जीएसटीचं एक लक्षात ठेवा. गॅरेजचं काम सेवेत धरलं जातं, म्हणून आपल्याकडे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. ४० लाखांची मर्यादा ऐकून निवांत राहू नका, ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे.

काम झाल्यावर पुन्हा टेस्टर लावायचा, काटा स्थिर दाखवायचा, त्याचा फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. सिस्टिममधली हवा नीट काढायची, नाहीतर अडकलेली हवा निघाली की पातळी खाली येते आणि "परत पाणी खाल्लं" म्हणून फोन येतो. टाकीवर मार्करनं पातळीची रेघ मारून तारीख लिहायची. तिसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला फोन करतो, सकाळी, गाडी थंड असताना, आणि विचारतो पाणी रेघेला आहे की खाली. हवा कशी काढायची ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो, त्याच टोमॅटोवाल्या काकांच्या गाडीवर. त्यांनी परवानगी दिलीय, फक्त नंबर प्लेट दाखवू नको म्हणालेत.